पानाच्या पायातला शब्द

आमच्या घरात दोन गंज होते, म्हणजे पातेली, एकाच मापाचे, एकाच दुकानातून आणलेले, आणि माझ्या मते घरातला पहिला मूर्खपणा तोच होता. एका गंजात माय भाजी शिजवायची आणि दुसऱ्यात बायंडिंगची खळ. खळ म्हणजे मैदा, पाणी आणि मोरचूद. मोरचूद हे निळं विष, पुस्तकाला कसर लागू नये म्हणून घालायचं. चूल एकच. बा रोज दुपारी पाटावर बसला की विचारायचा, "काय वं, यातला खायचा कोणता आन् चिकटवायचा कोणता?" माय म्हणायची, "खाऊन पाहा, मंग समजते." मी एकदा म्हटलं, एका गंजाच्या कडेला खिळ्यानं खूण करून टाका, झंझट मिटते. तर बा म्हणे, "माह्या घरात मले खुणा कायले पाह्यजे बे?" असा माणूस. लोक म्हणतात मी त्याच्यावर गेलो. लोक काहीही म्हणतात.

गांधीबागेच्या मागच्या गल्लीत आमच्या दोन खोल्या. पुढची बायंडिंगची, मागची राहायची. पुढच्या खोलीत लाकडाचा शिकंजा, पानं दाबायचा. कापायची मोठी सुरी. आणि छताजवळ दोऱ्याच दोऱ्या, ओली पानं वाळत घालायला. दीक्षेच्या साली बानं घरातले देव काढले, आणि देवांची फळी रिकामी नको म्हणून तिच्यावर गिऱ्हाइकांची पुस्तकं ठेवायला लागला. त्याला स्वतःला सहीपुरतं वाचता यायचं. पण पुस्तकाला पाय लागला तर जेवण बंद. मी चौथीतून शाळा सोडली. मी सोडली, शाळेनं काढलं नाही, हे ध्यानात ठेवा, कारण माझ्या घरातले लोक आता नातवंडांना भलतंच सांगतात.

सोळा-सतरा वर्षांचा असताना मी सुरी चालवण्यात बापाच्या पुढे गेलो होतो. शंभर पानांचा गठ्ठा कापला की कड अशी गुळगुळीत यायची की गालावर फिरवावी. बा कधी शाबासकी द्यायचा नाही. म्हणायचा, "हात बरा आहे. डोक्स्याचं पाहू." तेव्हाच आमच्याकडे फारशी मास्तर आले.

मास्तरांचे पूर्वज भोसल्यांच्या काळी फारशी पत्रं लिहायला नागपुरात आले आणि इथंच राहिले. राजे गेले, पत्रं गेली, पण यांच्या घरातून फारशी काही जाईना. मास्तर एका शाळेत हीच भाषा शिकवायचे. पोरं कमी होत होत वर्गात एकच उरला, मग तोही उरला नाही. मास्तरांनी हेडमास्तरच्या तोंडावर राजीनामा फेकला, अशी गोष्ट गल्लीत सगळ्यांना माहीत होती, आणि ती बहुतेक मास्तरांनीच सांगितलेली होती. इतवारीत एका भांड्यांच्या दुकानाच्या वर दोन खोल्यांत एकटे राहायचे. उंच, किडकिडीत, अंगात काळा कोट, नागपूरच्या उन्हाळ्यातही. बगलेत फडक्यात बांधलेला गठ्ठा. तो त्यांनी बाच्या हातात असा दिला जसं कोणी लेकरू देते.

"दोनशे अकरा पानं आहेत," ते म्हणाले. "पंचवीस वर्षांचं काम. डॉक्टर सांगतो काचबिंदू आहे, दिवाळीच्या पुढे डोळ्यांचा भरवसा नाही. तोवर हे बांधलेलं मला बघायचं आहे."

त्या गठ्ठ्यात एका शायराचं चरित्र होतं. इराणकडचा, आठ-नऊशे वर्षांपूर्वीचा, सुलतानाच्या दरबारातला कवी आणि राजपुत्राचा गुरू. मास्तर त्याला फक्त उस्ताद म्हणायचे आणि म्हणताना कानाच्या पाळीला हात लावायचे. गुरूचं नाव घ्यायचं नाही ही त्यांची रीत. बायका नवऱ्याचं घेत नाहीत तसं. मीही कधी विचारलं नाही. आता माझी नात म्हणते, आबा, नाव सांगा, मी फोनवर शोधून देते. मी म्हणतो नाव ठाऊक नाही. ती म्हणते, असं कसं, सगळं आयुष्य ठाऊक आणि नाव ठाऊक नाही? आता हिला काय सांगू. शेजाऱ्याचं नाव सगळ्या गल्लीला ठाऊक असते, त्याच्या आयुष्याचं कोणाला घेणंदेणं असते?

बा तेव्हा कोर्टाच्या फायलींच्या कामात होता. म्हणून ते पुस्तक मी घेतलं. मागितलं नाही, घेतलं. आणि जीव लावून बांधलं, हे मी आजही छाती ठोकून सांगतो. लाल चामड्याची पाठ, कोपऱ्यांना चामडं, आत निळा कागद. तीन बाजूंनी कापलं तर कड काचेसारखी. पानांच्या मागच्या बाजूला खाली कोपऱ्यात एकेक शब्द एकटाच लोंबकळत होता, ओळीतून सांडल्यासारखा. मला वाटलं म्हाताऱ्याचा हात थरथरला असेल. सगळे सांडलेले शब्द सुरीखाली घातले. पान कसं साफ दिसायला लागलं.

मास्तर घ्यायला आले. पुस्तक हातात घेतलं, वास घेतला, चामड्यावरून अंगठा फिरवला, खूष झाले. मग उजवीकडून उघडायला गेले, तर उजवीकडून ते उघडेना. पाठ मी डावीकडे बसवली होती. सगळ्या पुस्तकांची असते तशी.

"जिल्दसाज साहेब," ते मला म्हणाले, "दार मागच्या भिंतीला बसवलंत तुम्ही."

मी म्हटलं, "डावीकडून उघडते ना मास्तर पुस्तक."

"तुझं उघडतं. फारशी उजवीकडून उघडते."

बा फायली सोडून उठला. पण मास्तर तेवढ्यावर थांबले नव्हते. त्यांनी भिंग काढलं, एक पान उलटलं, बोट खालच्या कोपऱ्याकडे नेलं, आणि बोट कागदाच्या बाहेर गेलं. दुसरं पान. तिसरं.

"यांचे पाय कुठे गेले?"

"कोणाचे?" मी म्हटलं.

"पानांचे."

मग त्यांनी सांगितलं, आणि मला तेव्हा कळलं. पानांना आकडे घातलेलेच नव्हते. त्यांना फारशी शिकवणाऱ्या गुरूची रीत अशी की प्रत्येक पानाच्या पायाशी पुढच्या पानाचा पहिला शब्द लिहून ठेवायचा. तो शब्द बघायचा आणि त्याच शब्दानं सुरू होणारं पान पुढे लावायचं. म्हणजे ते सांडलेले शब्द नव्हते. पुस्तकाचा सगळा क्रम तिथं होता.

बानं मायला हाक मारली, "कतरनीचं पोतं कुठी आहे वं?" माय आतून म्हणाली, "कतरन होय? तिच्यावर त काल अंबाडी शिजली."

खरं तर तेव्हाही काही बिघडलं नव्हतं. पानं क्रमानंच बांधलेली होती, पाठ सोडवून दुसऱ्या बाजूला बसवली की झालं. पण बापानं एक थोबाडीत दिली आणि म्हणाला, आत्ता सोडव, माह्यासमोर. मी रागात. पाठीला ओलं फडकं लावलं, खळ भिजवली, पान पान सुटं केलं, दोऱ्यांवर वाळत घातलं. उन्हाळा होता, बाहेर गरम वाऱ्याची लू, कोणतं लवकर वाळलं, कोणतं उशिरा. संध्याकाळी सगळी काढून छान गठ्ठा रचला. बानं विचारलं, "कोण्या क्रमानं काढली?"

"वाळल्या क्रमानं," मी म्हटलं.

त्या दिवशी बानं मारलं नाही. नुसता खाली बसला. मग म्हणाला, "जा इतवारीले. त्यायचं पुस्तक लागत नाही तोवर माह्या सुरीले हात लावू नको. आयुष्यात नको लावू."

आता सांगा. सुरीशिवाय मला येत काय होतं?

गेलो. मास्तर खाटेवर बसले होते. मी म्हटलं, "मास्तर, चूक माही आहे. पण आकडे टाकले असते त काय झालं असतं? दोनशे अकरा आकडे. शाळेतलं पोरगं टाकते."

"आकडे कचेरीतले बाबू घालतात," ते म्हणाले. "मी पानाला पानाशी बोलायला शिकवलं होतं. तू त्यांच्या जिभा कापल्यास."

"आधी पाय म्हटले, आता जिभा. एक काही ठरवा."

ते हसले की खोकले, समजलं नाही. भिंगानं त्यांना अर्धा तास वाचता यायचं, मग डोळ्यांतून पाणी आणि डोकं धरून बसणं. अशानं पाच वर्षं लागली असती आणि डोळ्यांकडे सहा महिने नव्हते. म्हणून त्यांनी मला अक्षरं शिकवायला घेतली. भाषा नाही, नुसती अक्षरं. मी पानाची पहिली ओळ आणि शेवटची ओळ अक्षर अक्षर म्हणायची, ते डोळे मिटून शब्द जुळवणार, कोणती शेवटची ओळ कोणत्या पहिल्या ओळीला चिकटते ते सांगणार. तीन अक्षरं एकाच आकाराची, तर माझी माझी खूण मी बसवली: पोटात ठिपका असला तर जीम, डोक्यावर असला तर खे, ठिपकाच नसला तर 'हे' नावाचं अक्षर. घरी येऊन घोकायचो, अलिफ, बे, पे, ते. बा भिंतीकडे तोंड करून म्हणायचा, "बे-बे करायले मास्तर कायले पाह्यजे? ते त हा पाळण्यातून करून राहिला."

खाली दुकानात भांड्यांवर ठोकाठोक चालायची. तांब्या, परात, घागर, दिवसभर ठण ठण. माझं लाम त्यांना ऐकू जायचं नाही. "काय म्हणालास?" "लाम, लाम!" "ओरडू नकोस, मी आंधळा होतोय, बहिरा नाही." कारागीर जेवायला थांबले की आमचं खरं काम व्हायचं. माय डबा द्यायची, ज्वारीच्या दोन भाकरी माझ्या आणि दोन त्यांच्या, कधी गोळाभात, कधी अंबाडी. पहिल्या दिवशी मी त्यांच्या भाकरी वेगळ्या ठेवल्या आणि बघत राहिलो. आमच्या हातचं त्यांच्या जातीतले तेव्हा कोणी खात नसत. त्यांनी भाकर मोडली आणि म्हणाले, "तिखट कमी आहे. आईला सांग, म्हातारा आहे म्हणून दया नको." मायनं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी असं तिखट घातलं की दोघंही दुपारभर हा हू करत होतो, एकही पान लागलं नाही.

अशा रीतीनं मला उस्तादाचं आयुष्य समजलं, उलटंपालटं. आधी तो म्हातारा झाला, एका खेड्यात पोरांना पाट्यांवर अक्षरं गिरवायला लावत होता. मग चार दिवसांनी तो जन्मला, कापूस पिंजणाऱ्याच्या घरी. मग त्याची बायको मेली, मग आठवड्यानं त्याचं लग्न झालं. पहिली कविता म्हटली तेव्हा सुलतानानं त्याचं तोंड मोत्यांनी भरलं, अशी तिकडची बक्षिसाची पद्धत. मी म्हटलं, "तोंड मोत्यायनं भरलं त दुसरी कविता म्हणायची कशी?" मास्तर म्हणाले, "म्हणूनच भरतात." राजपुत्राला तो उभं ठेवून शिकवायचा, बसू द्यायचा नाही. मोठा होऊन राजपुत्र सुलतान झाला, कविता करायला लागला, आणि एक कविता गुरूकडे पाठवली. आता चेल्याची असली तर गुरूनं काटछाट करायची, आणि सुलतानाची असली तर वाहवा करायची. यानं दोन्ही केलं नाही. जशी आली तशी कोरी परत पाठवली. हे ऐकलं तेव्हा मला तो माणूस फार आवडला. मास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, "तुला आवडणारच."

पावसाळा गेला. दोनशे अकरातली दोनशे आठ पानं जागेवर बसली. तीन राहिली, आणि तिथंच अडलं. एक त्या कोऱ्या परत पाठवलेल्या कवितेचं, त्याबद्दल वाद नव्हता. त्याच्या पुढे दोन. एक सुरू व्हायचं 'उस्ताद' या शब्दानं, पहिलं अक्षर अलिफ: उस्तादानं आपणहून दरबारात पाऊल टाकणं सोडलं. दुसरं 'हुक्म' या शब्दानं, हे-काफ-मीम, तीनच अक्षरं: सुलतानाचा हुकूम निघाला, याला दरबाराच्या दारात उभं करू नका. दोन्ही पानं पूर्ण वाक्यानं सुरू, पूर्ण वाक्यानं संपलेली. कोणतंही आधी लावा, वाचायला ठीक लागते. पण गोष्ट दोन होतात. उस्ताद-पान आधी लावलं तर त्यानं दरबार सोडला आणि सुलतानानं मागून रुसून हुकूम काढला. हुक्म आधी लावलं तर त्याला हाकललं, आणि मग तो म्हणाला, मीच येत नाही जा.

"उस्ताद आधी," मास्तर लगेच म्हणाले. "तो सोडून गेला. लाव."

तोवर त्यांना खिडकी कुठं आहे तेवढंच दिसत होतं. मी पानं उजेडात धरली आणि लावणारच होतो, तर मला भोक दिसलं. पुस्तकात कुठं कुठं किडा फिरलेला होता, सगळीकडे नाही, पण या ठिकाणी होता. किडा कागद खातो तेव्हा सरळ आत जातो आणि कमी कमी होत थांबतो. बायंडरच्या पोराला हे दुधाबरोबर समजते. कवितेच्या पानावर ज्वारीच्या दाण्याएवढं भोक. हुक्म-पानावर त्याच जागी मोहरीएवढं. उस्ताद-पानावर नुसता ओरखडा. म्हणजे मास्तरांच्या कपाटात वर्षानुवर्षं ही पानं त्याच क्रमानं पडून होती. मास्तरांनी स्वतः तसं लिहिलं होतं.

मी सांगितलं. ते म्हणाले, "किडा फारशी शिकलेला नाही."

"मीही नाही. पण भोक आहे."

"पुस्तक माझं आहे. उस्ताद आधी लाव."

"मास्तर, तुमी चुकीचं सांगून राहिले. मी नाही लावत."

झालं. तीन दिवस बोलणं बंद. डबा न्यायचो, दोघं दोन भिंतींकडे तोंड करून जेवायचो. घरी बाला सांगितलं. बा म्हणाला, "तुले काय करा लागते? गिऱ्हाईक सांगते तसं बांध. एकदा सोताच्या डोक्स्यानं बांधलं, पाह्यलं ना काय झालं?" मी म्हटलं, एकदा चुकीचं बांधलं म्हणूनच आता बांधणार नाही. बा बराच वेळ सुरीला धार लावत राहिला. मग आवाज बारीक करून म्हणाला, "आयक गा. राजीनामा-बिजीनामा काही फेकला नव्हता त्यायनं. शाळेच्या फायली माह्याचकडे बांधायले येत होत्या. शाळेनं शिपायाच्या हातानं चिठ्ठी धाडली, उद्यापासून येऊ नका. सही करून घेतली. जा, बांधून दे मुकाट्यानं त्यायच्या मनासारखं."

आज या वयात कोणी मला ही गोष्ट सांगितली तर मी बापाचं ऐकीन की काय, सांगता येत नाही. बहुतेक ऐकणार नाही. तेव्हा तर सतरा वर्षांचा होतो. मला बापाचा राग आला, शाळेचा आला, त्या शिपायाचा आला, आणि सगळ्यांत जास्त मास्तरांचा आला, की ज्या माणसानं पंचवीस वर्षं खरं लिहिलं त्याला आता दोन पानांपुरतं खोटं कशाला पाहिजे. मी शिलाईची लांब सुई घेतली आणि इतवारीला गेलो.

मास्तरांच्या मांडीवर तिन्ही पानं एकावर एक ठेवली, किड्याच्या क्रमानं. त्यांचा हात धरला. त्यांनी ओढून घेतला, मी परत धरला. सुई त्यांच्या बोटांत दिली आणि पहिल्या भोकावर टेकवली. सुई पहिल्या पानातून गेली, दुसऱ्यातून गेली, तिसऱ्यावर अडली. ते तशीच धरून बसले. मग पानं मी बदलली, उस्ताद मध्ये घातलं, परत सुई दिली. पहिल्यातून गेली आणि लगेच अडली. त्यांनी दाबली नाही.

"लोकांना काय सांगायचं," ते म्हणाले, "एवढं तरी त्याच्या हातात असावं की नाही रे?"

मला बोलायचं खूप होतं. पण माझ्या सुदैवानं खाली परात ठोकायला सुरुवात झाली. मी सुई घेतली आणि माझ्या सदऱ्याच्या कॉलरला खोचली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच दौत काढून ठेवली होती. म्हणाले, बांधायच्या आधी पायातले शब्द परत लिहायचे, तू लिही, तुझ्या सुरीनं जेवढी जागा सोडली तेवढ्यात. अर्ध्या बोटाएवढी जागा उरली होती. पान क्रमानं घ्यायचं, पुढच्या पानाचा पहिला शब्द मी अक्षर अक्षर वाचायचा, ते जुळवून परत सांगायचे, मी लिहायचा. माझी अक्षरं म्हणजे मुंग्या चिरडल्यासारखी. नऊ दिवस लागले. बारीक लिहिता लिहिता मान मोडायची पाळी आली, आणि मास्तर वर म्हणायचे, "नून पोटातून गोल काढ, म्हशीच्या शिंगासारखं नको." म्हटलं, दिसते का तुम्हाला? म्हणाले, आवाज येतो.

नवव्या दिवशी कवितेचं पान आलं. त्याच्या पुढचं पान मी वाचलं नाही. दोन्ही पानं खाटेवर ठेवली आणि नुसता टाक बुडवून बसलो. मी सांगणार नव्हतो, आणि न सांगता लिहिणारही नव्हतो. टाकावरची शाई वाळली, परत बुडवली. ते खिडकीकडे तोंड करून बसले होते, त्यांचे ओठ हलत होते. एकदा वाटलं अलिफ म्हणतात की काय. म्हटले असते तर मी तिथंच टाक फेकून उठून आलो असतो, आणि बापानं मला जन्मभर सुरीला हात लावू दिला नसता, आणि तसाही मी हटलो नसतो.

"तयार आहेस?" त्यांनी विचारलं.

"केव्हाचा."

"मग लिही. हे." ते थांबले. मी लिहिलं. "काफ." लिहिलं. मग ते वर्गात सांगतात तसं मोठ्यानं, स्वच्छ, मागच्या बाकापर्यंत जाईल असं म्हणाले:

"मीम."